पेरुंगुडीच्या बाई भायखळ्याच्या वर्गात

एका शिक्षकाकडे २५ मुलं. ४० झाली तर त्याच्या हाताशी एक मदतनीस द्यावा. ५० झाली की दुसरा शिक्षक नेमावा. हा नियम यहुद्यांच्या तालमूद ग्रंथातला. ज्या पंडिताच्या नावे तो सांगितला जातो, तो रावा चौथ्या शतकात बॅबिलोनियात होऊन गेला. आपल्याकडे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानं सहावी ते आठवीसाठी ३५ मुलांमागे एक शिक्षक ठरवला. चेन्नईच्या पेरुंगुडी भागातल्या एका शाळेत नव्यानं रुजू झालेल्या मराठी शिक्षिकेनं हे दोन्ही आकडे आपल्या टाचणवहीच्या पहिल्या पानावर शेजारीशेजारी लिहून ठेवले आहेत. तिच्या सातवीच्या वर्गात चाळिशीच्या पुढे मुलं आहेत.

ती मूळची ठाण्याची. बी.एड. तिकडेच झालं. सराव पाठ, पाठ निरीक्षणं, फळ्यावरच्या अक्षराला मिळणारे गुण, हे सगळं मराठी वातावरणात पार पडलं आणि पहिली नोकरी लागली ती थेट चेन्नईत. पेरुंगुडी हे एके काळी शहराच्या वेशीबाहेरचं गाव. २०११ मध्ये ते महानगरपालिकेत आलं. जुन्या महाबलीपुरम रस्त्यावर आयटी कंपन्यांच्या काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. मागच्या बाजूला पल्लिकरणैची पाणथळ जमीन आहे. २०२२ मध्ये तिला महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत स्थान मिळालं, आणि त्याच पाणथळीच्या काठावर शहराचा मोठा कचरा डेपोही आहे. ऑक्टोबरनंतर ईशान्य मोसमी पाऊस कोसळायला लागला की इथल्या शाळा अधूनमधून बंद ठेवाव्या लागतात. ठाण्याच्या माणसाला पावसाची सुट्टी जुलैमधली माहीत असते. इथे ती नोव्हेंबरात मिळते.

वर्गातली मुलंही अशीच दूरदूरची. कुणाचे आईवडील हैदराबादहून आलेले, कुणाचे कोलकात्याहून, कुणाचे भुवनेश्वरहून. इथल्या जुन्या वस्तीतली तमिळ मुलं आहेतच. पुस्तकं इंग्रजीत. बाईंची तमिळ अजून ‘वांगा’ आणि ‘पोंगा’च्या, म्हणजे ‘या’ आणि ‘जा’च्या, पलीकडे फारशी गेलेली नाही. शाळेत मुलांनी इंग्रजीतच बोलावं असा आग्रह असतो, तसा तो हल्ली सगळीकडे असतो. पण मधल्या सुट्टीत याच मुलांची तोंडं मोकळी सुटतात. तेव्हा तिला दिसायचं, की तासाला गप्प बसणारा मुलगा डबा उघडताना किती हुशारीनं वाद घालतो.

यहुदी शाळांकडे तिचं लक्ष गेलं ते अशाच एका मुलाच्या प्रश्नामुळे. युरोपीय व्यापारी कंपन्यांचा धडा चालू होता. मद्रासच्या महापालिकेची सनद १६८७ ची. कारभार १६८८ मध्ये सुरू झाला. त्या पहिल्या मंडळातल्या बारा आल्डरमनांमध्ये तिघे यहुदी व्यापारी होते. गोवळकोंड्याचे हिरे बाहेर पाठवायचे आणि भूमध्य समुद्रातली पोवळी आणायची, हा त्यांचा धंदा. मन्नडी भागातल्या कोरल मर्चंट स्ट्रीट या नावात त्याची खूण अजून आहे. तेवढं ऐकून त्या मुलानं विचारलं, “मिस, मग त्यांची मुलं कुठल्या शाळेत जायची?”

मद्रासमधली ती घरं मोजकी होती आणि त्यांच्यामागे मोठी वस्ती तिथे उरली नाही. पण बाईंच्या डोळ्यांसमोर दुसरंच काही आलं. ठाण्याला लहानपणी ज्या रस्त्यानं त्या शाळेत गेल्या, त्याच बाजूला १८७९ मध्ये बांधलेलं शआर हाशामाईम सिनेगॉग आहे. बेने इस्राएल हा त्यांच्या शेजारचा, मराठी बोलणारा यहुदी समाज. मुंबईत यहुद्यांनी शाळा काढल्या, चालवल्या, आणि त्या शाळा अजून भरतात. सुट्टीला घरी गेल्यावर त्यांतल्या वर्गांत जाऊन बसायचं, असं तिनं ठरवलं. परवानगी मागितली, ती मिळाली, आणि वही घेऊन ती शेवटच्या बाकावर जाऊन बसली.

भायखळ्याला मागेन डेविड सिनेगॉगचं आवार शोधावं लागत नाही. डेविड ससून यांनी १८६० च्या दशकात बांधवून घेतलेली ती निळी इमारत आणि तिचा मनोरा दुरूनच दिसतो. त्याच आवारात ससून घराण्याच्या नावाच्या शाळा आहेत. सर जेकब ससून यांच्या नावाची मोफत शाळा विसाव्या शतकाच्या आरंभी निघाली ती बगदादी यहुद्यांच्या मुलांसाठी. या घरांत अरबी बोलली जायची. आज इथल्या वर्गांत बहुसंख्य मुलं मुस्लिम आहेत, नागपाडा-मदनपुरा-भायखळ्याची. सिनेगॉगच्या आवारातून दप्तरं पाठीला लावून, डोक्यावर ओढणी घेतलेल्या मुली शाळेत जातात. ज्याला कुणाला वाटतं की यहुदी आणि मुसलमान एका अंगणात नांदूच शकत नाहीत, त्यानं सकाळी शाळा भरताना इथे दहा मिनिटं उभं राहावं.

तिनं पाहिलेला पहिला तास विज्ञानाचा. बाष्पीभवन. शिकवणाऱ्या बाईंनी इंग्रजीत व्याख्या सांगितली, मग फळ्याच्या उजव्या बाजूला एक उभी रेघ मारली आणि विचारलं, की घरी काय म्हणता? कुणी ‘भाप’ म्हणालं, कुणी ‘वाफ’. दोन्ही शब्द फळ्यावर गेले. मग त्या बाई थांबल्या. प्रश्न विचारून झाल्यावर त्या जितका वेळ गप्प राहिल्या, तितका वेळ गप्प राहणं पेरुंगुडीच्या नव्या बाईंना अजून जमत नाही. प्रश्न टाकल्यावर वर्गात शांतता पसरली की नव्या शिक्षकाचा जीव वरखाली होतो. उत्तर आपणच देऊन टाकावंसं वाटतं. इथे ती शांतता वर्गाला पेलत होती. तिसऱ्या रांगेतली एक मुलगी उठली आणि हिंदीत म्हणाली, की गच्चीवरचे कपडे वारं असलं की उन्हाशिवायही वाळतात, मग बाष्पीभवनाला ऊन लागतंच असं कसं म्हणायचं? बाईंनी तो प्रश्न जसाच्या तसा फळ्यावर लिहिला आणि पुढचा अर्धा तास त्यावरच गेला.

यहुदी परंपरेत प्रश्न विचारणाऱ्या मुलाला मोठा मान आहे. वल्हांडणाच्या पहिल्या रात्री घरातलं सगळ्यात धाकटं मूल चार प्रश्न विचारतं आणि त्या प्रश्नांना उत्तर म्हणून घरातली वडीलधारी माणसं मिसरमधून सुटकेची कथा सांगतात. म्हणजे मुलानं विचारल्याशिवाय कथाच सुरू होत नाही. अमेरिकेतल्या यहुदी पूर्णवेळ शाळांत दिवसाचा एक भाग गणित-विज्ञान-इंग्रजीला आणि दुसरा हिब्रू व धर्मग्रंथांना दिलेला असतो. तिथे दोन-दोन मुलं समोरासमोर बसून एकच उतारा मोठ्यानं वाचतात, अडतात, भांडतात, पुन्हा वाचतात. या जोडीला हव्रुता म्हणतात. ही पद्धत पूर्वी तालमुदाच्या पाठशाळांची होती, आता ती शाळेच्या बाकापर्यंत आली आहे. भायखळ्याच्या त्या वर्गात हव्रुता नव्हती आणि वल्हांडणही नव्हता. त्या बाई मुस्लिम मुलांना विज्ञान शिकवत होत्या. पण मुलाच्या प्रश्नावर अख्खा तास उभा करायची रीत तिथे होती. ती कुठून आली याचा शोध घेण्यापेक्षा, ती आहे, हेच नव्या बाईंना मोलाचं वाटलं.

मुंबईतल्या बेने इस्राएलांच्या शिक्षणाची गोष्ट मात्र वेगळी आहे आणि ती जास्त आपली आहे. कोकणात, अलिबाग-पेण-रेवदंड्याच्या गावांत हा समाज शतकानुशतकं राहिला. तेलाच्या घाण्यावर काम करायचा, शनिवारी घाणा बंद ठेवायचा, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणायचे. घरी मराठी. पोशाख, दागिने, जेवण कोकणातलं. सणांची नावंसुद्धा नव्याचा सण, खिरीचा सण, होळीचा सण अशी. हिब्रू मात्र जवळजवळ विसरलेली. शेमाची प्रार्थना तेवढी तोंडी उरलेली. अशा समाजाला एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शाळा भेटली ती ख्रिस्ती मिशनऱ्यांची. अमेरिकन मराठी मिशनच्या शाळांत कोकणातली बेने इस्राएल मुलं बसली, काही बेने इस्राएल तरुण तिथे मास्तरही झाले. १८२९ मध्ये मुंबईत आलेल्या डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये हिब्रूचं प्राथमिक व्याकरण मराठीतून छापलं.

त्यामागे धर्मप्रसाराचा हेतू होता, हे उघड आहे. पण बेने इस्राएलांनी त्यातलं शिक्षण घेतलं आणि धर्म आपला ठेवला. पेरुंगुडीच्या बाईंना ही गोष्ट फार विलक्षण वाटते. एका प्राचीन भाषेच्या पाठाला सुरुवात करताना त्या मुलांना आधी इंग्रजी शिकून या, असं कुणी सांगितलं नाही. कोकणातल्या घरात जी भाषा होती तिच्याच खांद्यावर हिब्रू उभी केली गेली. पुढे हेच काम समाजातल्या माणसांनी हाती घेतलं. जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी डेविड ससून यांच्या नावाच्या शाळेत अनेक वर्षं मुख्याध्यापकी केली आणि हिब्रू प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले. मुंबई विद्यापीठात ते हिब्रूचे परीक्षकही होते. १८८० च्या सुमारास बेने इस्राएलांनी कीर्तनही आपलंसं केलं. अब्राहाम, योसेफ, मोशे यांच्या कथा ओवी, साकी, दिंडीच्या चालींवर उभ्या राहिल्या. ज्यांना वाचता येत नव्हतं त्या आजीपर्यंतही धर्मग्रंथ पोचला, तो तिच्या कानाला ओळखीच्या चालीतून.

शाळेचा मोठा उद्योग केला हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी. १८५३ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी समाजात शिक्षण वाढवण्यासाठी एक संस्था काढली आणि १८७५ मध्ये मुंबईत इस्राएलाइट स्कूल सुरू झालं. लंडनच्या अँग्लो-ज्यूइश असोसिएशननं मदत केली. मराठी, इंग्रजी, हिब्रू अशा तीन भाषा एकाच छपराखाली. केहिमकरांनी आपल्या समाजाचा इतिहासही इंग्रजीत लिहून १८९७ पर्यंत पुरा केला. पण पुस्तक छापून निघालं ते त्यांच्या मृत्यूनंतर, १९३७ मध्ये, तेल अवीवला. शाळेला सर एली कदूरी यांच्या देणगीमुळे १९३० च्या दशकात त्यांचं नाव मिळालं. माझगावातली सर एली कदूरी शाळा ती हीच.

आणि या शाळेला १९२२ मध्ये रिबेका रूबेन मुख्याध्यापिका म्हणून मिळाल्या.

नव्या शिक्षिकेनं आपल्या वहीत सर्वांत जास्त पानं त्यांना दिली आहेत. जन्म १८८९ चा. पुण्याच्या हुजूरपागेत शिक्षण. १९०५ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकच्या परीक्षेत त्या पहिल्या आल्या. त्याआधी हा मान एकाही मुलीला मिळाला नव्हता. पुढे डेक्कन कॉलेज, मग इंग्लंडला जाऊन शिक्षकी पेशाचं शिक्षण आणि हिब्रूचा अभ्यास. बडोद्यात मुलींच्या शिक्षणात काम. मग माझगाव, थेट १९५० पर्यंत. इतक्या शिकलेल्या बाईला सरकारी खात्यात किंवा कॉलेजात सहज जागा मिळाली असती. त्यांनी एका लहान समाजाच्या शाळेत आयुष्याची अठ्ठावीस वर्षं घातली. वर मुलांसाठी ‘अशोक’ नावाची वाचनमाला तयार केली. विलायतेतल्या मुलांसाठी लिहिलेली पुस्तकं इथल्या मुलांपुढे ठेवून भागणार नाही, हे ओळखणाऱ्या पिढीतल्या त्या होत्या. मराठी शिक्षणाच्या इतिहासात ताराबाई मोडक, अनुताई वाघ यांची नावं आपण आदरानं घेतो आणि ती घ्यायलाच हवीत. रिबेका रूबेन यांचं नाव मात्र बी.एड.च्या वर्गात या शिक्षिकेच्या कानावर एकदाही पडलं नाही. ही उणीव मोठी आहे.

ठाण्याला तिला एक निवृत्त बाई भेटल्या. बेने इस्राएल, नव्वदीकडे झुकलेल्या, आयुष्यभर मराठी शिकवलेल्या. नववारीची सवय सुटली, पण बोलण्यातला कोकणी हेल गेलेला नाही. “अगं, आम्हाला हिब्रू शिकवताना बाई काय करायच्या, सांगू?” त्या म्हणाल्या. “अक्षराखाली ते ठिपके असतात ना स्वरांचे, त्यांची आधी बाराखडी म्हणून घ्यायच्या. का, की, कू. मग वाचायला लावायच्या. उजवीकडून डावीकडे जायचं एवढंच नवीन. आणि आमच्या वर्गात उर्दूवाल्या मुली होत्या, त्यांना तर त्याचंही काही वाटायचं नाही.” मग त्या जरा वेळ बोलल्या नाहीत. १९४८ नंतरची वर्षं त्यांना आठवत होती. दर जूनमध्ये हजेरीपटावरची काही नावं यायची नाहीत. कुणी जहाजानं इस्राएलला गेलं, कुणी पुढे विमानानं. लोद, दिमोना, बीर शेवा, अश्दोद अशी गावांची नावं पत्रांतून यायला लागली. “रिकामे बाक ठेवून शाळा चालत नाही,” त्या म्हणाल्या. “आजूबाजूची मुलं होतीच. ती आली. मी त्यांनाही तसंच शिकवलं. वेगळं काय शिकवणार?”

१९५१ च्या जनगणनेत भारतात यहुद्यांची संख्या सव्वीस हजारांच्या वर होती. २०११ मध्ये ती पाच हजारांच्या आत आली आणि त्यांतले निम्म्याहून अधिक महाराष्ट्रात. राज्यानं २०१६ मध्ये त्यांना अल्पसंख्याक समाजाचा दर्जा दिला. तिकडे गेलेल्यांनी मराठी टाकली नाही. इस्राएलात ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक निघालं. पण त्यांच्या इथल्या शाळांतल्या बाकांवर त्यांची मुलं उरली नाहीत.

अशा वेळी शाळा बंद करून जागा विकून टाकणं सोपं असतं. भायखळा आणि माझगावच्या जमिनीला काय भाव आहे, ते मुंबईच्या माणसाला सांगायला नको. पण या शाळांच्या विश्वस्त संस्थांनी त्या चालू ठेवल्या. ज्या समाजासाठी शाळा काढली तो समाज निघून गेल्यावर तीच शाळा शेजारच्या मुलांना देऊन टाकणं, याहून मोठं दान शिक्षणात क्वचितच कुणी केलं असेल. नवी शिक्षिका हे ठामपणे मानते, आणि लिहिणाऱ्यालाही ते पटतं.

माझगावच्या बाजूला तिनं पाहिलेला एक तास भाषेचा होता. फार सांगण्यासारखं त्यात घडलं नाही. निबंध तपासून परत दिले जात होते. एवढंच लक्षात राहिलं, की शिकवणाऱ्या बाई चुकीला लाल रेघ मारून थांबत नव्हत्या. मुलाला जवळ बोलावून, हे तू असं का लिहिलंस, ते विचारत होत्या. मुलाकडे उत्तर असायचंच. बहुतेक वेळा ते उत्तर त्याच्या घरच्या भाषेत दडलेलं असायचं.

ही गोष्ट घेऊन ती पेरुंगुडीला परतली, आणि तिला लगेच तिचा उपयोग झाला. हिंदीच्या वहीत तमिळ मुलं ‘गाना’च्या जागी ‘काना’ लिहितात, ‘भाई’ला ‘पाई’ करतात, हे ती पाहत आली होती. सहकारी शिक्षिका याला निष्काळजीपणा म्हणायच्या. तमिळ लिपीत क, ख, ग, घ या चारींसाठी एकच अक्षर आहे; प, फ, ब, भ यांसाठीही एकच. कुठे कसा उच्चार करायचा ते शब्दातल्या जागेवरून ठरतं. तमिळ मूल जेव्हा ‘काना’ लिहितं तेव्हा ते आपल्या लिपीचा नियम नीट पाळत असतं. त्याला ओरडून उपयोग नाही; त्याच्या नियमाशेजारी दुसरा नियम मांडून दाखवावा लागतो. तिनं शाळेतल्या तमिळच्या शिक्षिकेला विनंती केली आणि दोघींनी मिळून एक तास घेतला. फळ्याच्या डाव्या बाजूला तमिळ, उजव्या बाजूला देवनागरी. त्या दिवशी वर्गातली तमिळ मुलं शिक्षक झाली आणि हैदराबाद-कोलकात्याची मुलं विद्यार्थी.

तमिळनाडूत २००६ च्या कायद्यानुसार शाळांमध्ये तमिळ शिकणं बंधनकारक आहे. बाहेरून आलेले पालक यावर कुरकुरतात. मुलांची बदली होणार, मग तमिळचं ओझं कशाला, असा त्यांचा सूर असतो. नव्या बाईंचं मत आता वेगळं झालं आहे. ज्या गावात राहायचं त्या गावाची भाषा मुलाला आलीच पाहिजे. कोकणात उतरलेल्या यहुद्यांनी हेच केलं, आणि त्यांनी मराठी इतकी आपली केली की तिच्यात कीर्तनं रचली. त्यामुळे त्यांचं यहुदीपण कमी झालं नाही. तिनं स्वतःही तमिळची बालवाडीची पुस्तकं घेतली आहेत. वर्गातली मुलं तिचं तमिळ दुरुस्त करतात आणि ती त्यांना करू देते.

जोड्या लावून वाचायचा प्रयोगही तिनं केला. एका बाकावर एक तमिळ मूल आणि एक बाहेरचं. इतिहासाचा उतारा मोठ्यानं वाचायचा, न समजलेल्या ओळीखाली पेन्सिलीनं रेघ मारायची आणि आपापल्या भाषेत एकमेकांना समजावायचं. सुरुवातीला गोंगाट झाला. शेजारच्या वर्गातून तक्रारही आली. पण काही आठवड्यांत रेघा कमी झाल्या आणि प्रश्न वाढले. तालमुदाच्या त्याच प्रकरणात, जिथे २५ मुलांचा नियम आहे, तिथे आणखी एक गोष्ट सांगितली आहे: जे मूल वाचत नाही त्याला शिक्षा करून घालवू नये, त्याला दुसऱ्यांच्या सोबतीला बसवावं. तिच्या वर्गातला जो मुलगा परीक्षेत कायम मागे असतो, तो जोडीत बसल्यावर नकाशावर फार छान बोलतो. त्याचे वडील समुद्रावर मासेमारी करतात. वारा कुठल्या महिन्यात कुठून येतो, हे त्याला पुस्तकाआधी माहीत आहे.

याच जोड्यांतून तिला एक मराठी सापडली. घरी बोलायच्या शब्दांची यादी करायला सांगितली तेव्हा एका तमिळ नावाच्या मुलीच्या वहीत ओळखीचे शब्द दिसले. तिची आजी घरात तंजावरची मराठी बोलते. शिवाजी महाराजांचे बंधू व्यंकोजी १६७५ च्या सुमारास तंजावरच्या गादीवर बसले, त्यांच्यामागे गेलेल्या घराण्यांपैकी हे एक. साडेतीनशे वर्षं तमिळ देशात राहून या घरांनी स्वयंपाकघरात मराठी टिकवली आहे. तिच्यात तमिळ भरपूर मिसळलं आहे आणि ती तशीच गोड आहे. याच तंजावरात सरफोजीराजांनी छापखाना घातला आणि १८०६ च्या सुमारास ‘बालबोधमुक्तावली’ हे इसापच्या गोष्टींचं मराठी पुस्तक छापलं. देवनागरीत छापलेल्या अगदी आरंभीच्या मराठी पुस्तकांपैकी ते एक, आणि ते निघालं मुलांसाठी, तमिळ मुलखात. त्या मुलीची आजी एकदा वर्गात आली. पोरांनी तिला “पाटी” म्हणत घेरलं. नव्या बाईंनी त्यांना आजी म्हटलं, आणि त्यांनी उत्तर दिलं ते मराठीत.

चाळिशीच्या पुढचा वर्ग अजून तेवढाच आहे. मदतनीस मिळावा म्हणून तिनं शाळेकडे अर्ज दिला आहे.

मुंबई, ठाणे, अलिबाग, पेण, पुणे इथल्या वाचकांना तिचं एक मागणं आहे. तुमच्या माळ्यावर, ट्रंकेत किंवा सिनेगॉगच्या कपाटात हिब्रू शिकवणारी जुनी मराठी पुस्तकं, मराठी प्रार्थनाग्रंथ, कीर्तनांच्या वह्या, इस्राएलाइट स्कूलचे वार्षिक अंक, रिबेका रूबेन यांची ‘अशोक’ वाचनमाला किंवा शाळेतले वर्गाचे फोटो असतील तर ते रद्दीत घालू नका. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या संस्थेकडे द्या, नाहीतर निदान त्यांची छायाचित्रं काढून ठेवा. आणि अध्यापक महाविद्यालयांनी विद्यार्थ्यांना पाठ निरीक्षणासाठी पाठवताना भायखळा आणि माझगावच्या या शाळांची नावं यादीत घालावीत.